हिवाळ्यातील प्रकाशवाट: हरसिद्धीच्या दीपमाळा, कोबेचे दिवे आणि आपले करोंद



दिवाळी आटोपली, त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती जाळून झाल्या, की आपल्याकडे हिवाळी सहलीचा विषय निघतो. गेल्या दोन-तीन वर्षांत त्यात एका नव्या मागणीची भर पडली आहे. मुलांना आणि नातवंडांना ‘लाइट फेस्टिव्हल’ बघायचा असतो. परदेशी असलेले नातेवाईक ल्यों, ॲम्स्टरडॅम, सिडनीचे फोटो पाठवतात. रात्रीच्या थंडीत कोट-टोपी घालून माणसे एखाद्या बागेतून नाही तर कालव्याच्या काठाने चालत आहेत आणि दोन्ही बाजूंना प्रकाशाच्या कलाकृती मांडल्या आहेत. फोटो पाहून पोरांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: आपल्याकडे असे काही का नाही?

आपल्याकडे ते आहे, बरेच जुने आहे आणि भोपाळपासून चार तासांच्या आत आहे. ते कुठे आहे, कसे पाहावे आणि त्यामागचे शास्त्र व हिशेब काय, हे या लेखात मांडतो. त्याबरोबर करोंदमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना डिसेंबरातल्या दिव्याचा वेगळा विचार का करावा लागतो, तेही सांगायचे आहे.

रोषणाई आणि प्रकाशकला

लग्नाच्या हॉलवर माळा सोडतात, ती रोषणाई. तिचा उद्देश एवढाच की इमारत लांबून दिसावी आणि प्रसंग आनंदाचा आहे हे कळावे. प्रकाशकला तिच्याहून थोडी वेगळी आहे. तिच्यात प्रकाश ही वस्तू उजळण्याची सोय नसते, तर प्रकाशच पाहायचा असतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली अंधार. दुसरी चालायची वाट, कारण पाहणारा पुढे सरकतो तसतसे दृश्य बदलत जाते. तिसरी म्हणजे दिवा लावण्याचे कारण.

कारणाचे उत्तम उदाहरण फ्रान्समधील ल्यों शहराचे आहे. तिथल्या टेकडीवर मेरीमातेचा पुतळा बसवायचा होता. नदीच्या पुरामुळे काम लांबले आणि समारंभ ८ डिसेंबर १८५२ रोजी ठरला. त्या दिवशी हवा इतकी बिघडली की कार्यक्रम रद्द होण्याची वेळ आली. संध्याकाळी आभाळ मोकळे झाले, तेव्हा कोणी सांगितले नसताना लोकांनी आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या आणि सगळे शहर रस्त्यावर उतरले. आज त्याच तारखेच्या आसपास तिथे चार रात्री जगभरातील कलाकारांचा प्रकाशोत्सव भरतो. तरी खिडकीत काचेच्या लहान पेल्यात मेणबत्ती लावण्याची घरोघरची रीत टिकून आहे.

दुसरे टोक ऑस्ट्रेलियात पाहायला मिळते. ब्रूस मन्रो या ब्रिटिश कलाकाराने २०१६ मध्ये उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या वाळवंटात ५०,००० लहान दिवे जमिनीत रोवले. ते सौर ऊर्जेवर चालतात आणि त्यांच्यातून सायंकाळी प्रकाशाचे शेत उगवल्यासारखे दिसते. पहिल्या उदाहरणात घरोघरची मेणबत्ती आहे, दुसऱ्यात एका कलाकाराची योजना आहे. पण दोन्हीकडे दिवे लहान, संख्या मोठी आणि भोवती अंधार, हे सूत्र एकच आहे.

हिवाळाच का?

याचे पहिले कारण सरळ आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला भोपाळला साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सहा-सव्वासहाला चांगला अंधार होतो. लहान मुलांना आणि आपल्या वयाच्या लोकांना जागरण न करता रात्र अनुभवता येते. पाऊस नसतो, चालताना घाम येत नाही.

दुसरे कारण हवेचे आहे. हिवाळ्यात निरभ्र रात्री जमीन लवकर थंड होते. जमिनीलगतची हवाही थंड आणि जड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. शेगडीचा धूर अशा रात्री वर न जाता आडवा पसरतो, हे आपण कॉलनीत नेहमी पाहतो. खाली अडकलेल्या धूळ-धुक्याच्या कणांवर प्रकाश पडला की त्याची तिरीप डोळ्यांना दिसते. म्हणून हिवाळ्यात दिव्याभोवती वलय दिसते. हवेचे हे झाकण लक्षात ठेवा. पुढे त्याचा उल्लेख पुन्हा येणार आहे.

तिसरे कारण आपल्या डोळ्यांत आहे. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. वय वाढते तसा हा वेळही वाढतो. एकदा डोळे सरावले की साध्या पणतीचा प्रकाशही भरपूर वाटतो. मोबाइलचा पडदा मात्र काही सेकंदांत ही मेहनत वाया घालवतो. प्रकाशकला पाहायला गेलेल्या माणसाने पहिली अर्धी वाट मोबाइल खिशात ठेवून चालावी, हा माझा पहिला सल्ला त्यामुळेच आहे.

आपली दीपमाळ

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे वळू. महाराष्ट्रातील देवळासमोर दगडी दीपमाळ नसेल तर काहीतरी चुकल्यासारखे वाटते. खाली रुंद, वर निमुळता होत जाणारा मनोरा आणि त्यातून चारी बाजूंना बाहेर आलेले दगडी हात, अशी तिची रचना. प्रत्येक हातावर तेलाचा दिवा ठेवायचा. जेजुरीच्या पायऱ्या चढताना दोन्ही अंगांना अशा दीपमाळा लागतात. अनेक दीपमाळा भक्तांनी नवसाच्या म्हणून उभारलेल्या असतात. गोव्यात मंगेशीचा सात मजली पांढरा दीपस्तंभ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल.

दीपमाळेत तीन गोष्टींचा विचार केलेला दिसतो. दिवे वर-खाली असल्याने ज्योती एकमेकींना झाकत नाहीत. मनोरा वर निमुळता असल्याने तो आहे त्याहून उंच वाटतो. शिवाय ज्योत वाऱ्याने हलते, त्यामुळे दगडाचा तो खांब जिवंत असल्याचा भास होतो. आजचे कलाकार संगणकावर दिवे कमी-जास्त करून हाच परिणाम साधण्याचा प्रयत्न करतात.

मराठी माणसे जिथे गेली, तिथे दीपमाळ गेली. काशीच्या पंचगंगा घाटावर दगडी ‘हजारा’ दीपस्तंभ आहे. तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला, असे मानतात. कार्तिकी पौर्णिमेला काशीत देव दिवाळी होते, तेव्हा त्या हजाऱ्याला विशेष मान असतो. त्याच रात्री गोव्यात साखळीजवळ विठ्ठलापूरला वाळवंटी नदीच्या काठावर त्रिपुरारी पौर्णिमेचा उत्सव असतो. लोक कागद, लाकूड, थर्माकोल यांच्या नौका तयार करतात, त्यांत दिवे लावून रात्री नदीत सोडतात आणि चांगल्या नौकांना बक्षिसे मिळतात. थंडीची रात्र, उघडे आकाश, चालणारे लोक आणि प्रकाशाच्या कलाकृती हे सगळे तिथे आहे. प्रदर्शन हा शब्द तेवढा कोणी वापरत नाही.

या रात्रीमागची कथा सर्वांना माहीत आहे. शंकराने त्रिपुरासुराचा वध केला, म्हणून ही पौर्णिमा. आपल्याकडे आजही काही घरांत साडेसातशे पदरांची त्रिपुरवात जाळतात. आजीने महिनाभर बसून वळलेली वात एका संध्याकाळी जळून जाते. तिच्यामागे श्रम आहेत, म्हणून ती पाहताना घरातले सगळे गप्प होतात.

उज्जैनची संध्याकाळ कशी पाहावी

भोपाळहून देवासमार्गे उज्जैन सुमारे १९० किलोमीटर आहे. सकाळचे जेवण करून निघाले तरी दिवेलागणीला सहज पोचता येते. बहुतेक लोक आधी महाकालाचे दर्शन घेतात आणि वेळ उरला तर हरसिद्धीला जातात. प्रकाश पाहायचा असेल तर क्रम उलटा करा. आधी हरसिद्धी, मग महाकाल लोक. दोन्ही ठिकाणे रुद्रसागराच्या परिसरात असून मधले अंतर चालत जाण्याइतके आहे.

हरसिद्धीच्या देवळासमोर दोन उंच दीपस्तंभ आहेत. ते मराठा काळातले मानले जातात आणि त्यांची घडणही ओळखीची वाटते. उंची सुमारे ५१ फूट, दोन्ही मिळून १०११ दिवे, असे तिथे सांगतात. संध्याकाळच्या आरतीच्या सुमारास दिवे लागतात. ऋतूप्रमाणे वेळ बदलते, म्हणून पोचल्याबरोबर विचारून घ्यावे. पूर्वी हे दिवे नवरात्र आणि मोठ्या सणांनाच लागत. आता भाविक आपल्या नावाने दिवे लावण्यासाठी आधी नोंदणी करतात, त्यामुळे इतर संध्याकाळीही ते पाहायला मिळतात.

प्रत्यक्ष दिवे लागण्याच्या निदान अर्धा तास आधी जाऊन बसा. तेल घालणारी माणसे दगडी हातांवर पाय ठेवत वर चढतात. सवयीने त्यांचे पाय योग्य जागी पडतात. मग एकेक ज्योत लागू लागते. पाच-सहा माणसे एकाच वेळी काम करत असल्याने काही मिनिटांत दोन्ही स्तंभ खालपासून वरपर्यंत उजळतात. काळा दगड दिसेनासा होतो आणि हवेत टांगलेल्या ज्योतींची दोन झाडे उरतात. खाली उभे राहिले तर तेलाचा वास येतो, चेहऱ्याला ऊब लागते. फोटोत यातले काही येत नाही.

सगळ्या दिव्यांना मिळून सुमारे ६० लिटर तेल लागते, असे सांगतात. आयुष्य बँकेत गेल्यामुळे मला भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. ६० लिटर भागिले १०११ म्हणजे दिव्यामागे जवळजवळ ६० मिलिलिटर, आपल्या लहान वाटीच्या निम्म्याहून कमी. एकटा दिवा कोणाच्या लक्षातही येणार नाही. हजार वाट्या एकत्र आल्या की तिथे उभे असलेल्या दोन-तीनशे लोकांचे हात आपोआप जोडले जातात.

तिथून महाकाल लोकात या. पहिल्या टप्प्याचे उद्घाटन ११ ऑक्टोबर २०२२ रोजी झाले. नंदी द्वारातून आत शिरले की नऊशे मीटरहून लांब वाट आहे. एका बाजूला शिवाच्या तांडवमुद्रा कोरलेले १०८ स्तंभ, दुसरीकडे पुराणकथांची भित्तिशिल्पे आणि मोठ्या मूर्ती, पलीकडे पाणी. त्रिपुरासुरवधाचा देखावाही इथे आहे, म्हणजे नातवंडांना त्रिपुरी पौर्णिमेची गोष्ट उभ्या जागी सांगता येते.

इथला प्रकाश विजेचा आहे आणि योजून टाकलेला आहे. चालताना तीन गोष्टी पाहा. एक, मूर्तीवर प्रकाश कुठून येतो. दिवसा सूर्य वरून असतो, म्हणून सावली नाकाखाली पडते. रात्री दिवा खालून असेल तर सावली वर जाते आणि तोच चेहरा उग्र दिसतो. दोन, प्रकाशाचा रंग. ज्योतीचा रंग पिवळा-तांबडा असतो, पांढऱ्या दिव्यात निळेपणा जास्त असतो. हरसिद्धीहून थेट आल्यामुळे हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो. तीन, पाणी. वारा नसेल तर प्रत्येक दिवा पाण्यात दुसऱ्यांदा लागतो आणि खर्च एकाचाच येतो!

महाकालाचे दर्शन घेताना आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. माळव्यात मराठी माणूस नोकरीच्या निमित्ताने १९५६ नंतर आला, असे अनेक मुलांना वाटते. नागपूरची राजधानी भोपाळला आली तेव्हा बरीच मराठी कुटुंबे इकडे आली, हे खरेच आहे. पण आपला इथला दिवा त्याच्या दोनशे वर्षे आधीपासून लागलेला आहे.

तेलाचा आणि विजेचा हिशेब

जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब घ्या. असे हजार बल्ब रोज चार तास लावले तर १६० युनिट वीज जळते. त्याच जागी ५ वॅटचे एलईडी लावले तर २० युनिट पुरतात. खर्च एक-अष्टमांश झाला. ही बचत चांगलीच आहे. पण स्वस्ताई आली की माणूस हात आखडत नाही, हे मी कर्जवाटपातही पाहिले आहे. व्याजदर उतरला की लोक बचत करायचे सोडून मोठी गाडी घेतात. प्रकाशाचे तेच झाले. दिवा स्वस्त झाला आणि आपण आठपट दिवे लावू लागलो.

संख्येची स्पर्धाही आहे. उज्जैनला महाशिवरात्रीच्या शिवज्योती अर्पणम् कार्यक्रमात २०२२ साली क्षिप्रेच्या घाटांवर ११,७१,०७८ दिवे लागले आणि २०२३ साली १८,८२,२२९. दोन्ही वेळा गिनीजमध्ये विक्रम नोंदला गेला. हजारो स्वयंसेवकांनी एकत्र येऊन पणत्या लावल्या, ही एकजूट मोठीच आहे. पण लहान मंडळांनी आकड्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आपल्याला एक हजार दिवेही पेलणार नाहीत आणि त्याची गरजही नाही.

आणखी एक बाजू भोपाळकरांनी विसरू नये. आपला बडा तलाव आणि छोटा तलाव मिळून जो भोज वेटलँड होतो, तो २००२ पासून रामसर यादीत आहे, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. हिवाळ्यात तिथे दूरदूरचे पक्षी उतरतात. रात्रभर जळणारे प्रखर पांढरे दिवे पक्ष्यांची आणि किड्यांची दिवस-रात्रीची जाण बिघडवतात. म्हणून तलावाच्या काठी प्रकाशाचा कार्यक्रम व्हायचा तर तो मंद, पिवळसर, खाली वळवलेला आणि ठरल्या वेळी बंद होणारा असावा. दिवा केव्हा मालवायचा हे ठरलेले असणे, हा प्रकाशकलेचाच भाग आहे.

कोबेचे दिवे

आता थोडे दूर, जपानला जाऊ. तिथली एक प्रकाशवाट करोंदकरांनी माहीत करून घ्यायला हवी.

१७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर आणि आसपासचा भाग भूकंपाने हादरला. ६,४०० हून अधिक माणसे गेली. घरे पडली, आगी लागल्या, कित्येक दिवस शहरात वीज नव्हती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शहरात ‘कोबे लुमिनारिए’ नावाचे प्रकाशप्रदर्शन भरले. गेलेल्यांना श्रद्धांजली आणि राहिलेल्यांना धीर, एवढाच त्याचा हेतू होता. दक्षिण इटलीत देवांच्या उत्सवात लाकडी चौकटींवर रंगीत दिवे बसवून रस्त्यावर कमानी उभारतात. त्याच पद्धतीच्या कमानी इथे एकामागे एक उभ्या केल्या. पहिल्या वर्षीचे दिवे इटलीकडून भेट आले होते. माणसे रांगेने त्या कमानींखालून हळूहळू चालत गेली. वर्षभर अंधारात काढलेल्या शहराला तो उजेड पाहून रडू आले, असे वर्णन वाचायला मिळते.

कार्यक्रम एका वर्षापुरताच होता. लोकांनीच आग्रह धरला आणि तो दरवर्षी होऊ लागला. पुढे पैशांची अडचण आली. तेव्हा येणाऱ्या प्रत्येकाने १०० येन, म्हणजे आपल्या हिशेबाने साठ-सत्तर रुपयांच्या आसपास, पेटीत टाकावेत असे आवाहन झाले. ही छोटी रक्कम मला फार महत्त्वाची वाटते. प्रायोजकाचा मोठा फलक लावून दिवे विकत घेता येतात. माणशी शंभर येनांनी लागलेला दिवा मात्र सगळ्यांच्या मालकीचा राहतो. करोनाच्या काळात खंड पडला. २०२४ पासून हे प्रदर्शन डिसेंबरऐवजी जानेवारीत, म्हणजे भूकंपाच्या स्मृतिदिनाच्या सुमारास होते.

याशिवाय १७ जानेवारीच्या पहाटे तिथल्या एका बागेत बांबूचे आणि कागदाचे कंदील मांडतात. ५ वाजून ४६ मिनिटांनी सर्व जण निःशब्द उभे राहतात. तिथे भव्यतेला जागा नाही. त्या कंदिलांपाशी आईबाप मुलांना सांगतात की या मिनिटाला काय झाले होते.

करोंद आणि २ डिसेंबर

आपल्या करोंद चौराह्यापासून युनियन कार्बाइडच्या कारखान्याची भिंत फार लांब नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तिथून सुमारे ४० टन विषारी वायू सुटला. वर हवेच्या झाकणाचा उल्लेख केला होता, तो याच रात्रीसाठी. थंडीमुळे जमिनीलगतची हवा वर जात नव्हती. मिथाइल आयसोसायनेट मुळातच हवेपेक्षा जड. तो वर विरून न जाता वस्त्यांमधून जमिनीलगत सरकत गेला. वारा आग्नेयेकडे होता, म्हणून जे.पी. नगर, छोला, रेल्वे स्टेशन आणि जुने शहर यांच्यावर सर्वात मोठा घाला पडला. मध्य प्रदेश सरकारने ३,७८७ मृत्यू मान्य केले. पीडितांच्या संघटना याच्या कितीतरी पट आकडा सांगतात. बाधितांची संख्या सरकारी नोंदीतही साडेपाच लाखांच्या पुढे आहे.

१९९० पासून बाधितांना दरमहा २०० रुपये अंतरिम मदत मिळू लागली. काउंटरवर पासबुक घेऊन उभी असलेली ती माणसे माझ्या पिढीच्या बँकवाल्यांनी पाहिली आहेत. कोणाला सही करायला डोळ्यांनी दिसत नसे, कोणाला रांगेत उभे राहिले की धाप लागे. आज आपल्या कॉलन्यांमध्ये जी नवी कुटुंबे राहायला आली आहेत, त्यांच्या मुलांना हा इतिहास ठाऊक नाही. त्यांच्यासाठी ती एक बंद पडलेली जागा आहे आणि तिच्याजवळून स्कूल बस जाते. जानेवारी २०२५ मध्ये तिथला ३३७ टन कचरा १२ कंटेनरमधून पीथमपूरला गेला, तेव्हा अनेक मुलांनी पहिल्यांदा विचारले की कचरा कसला.

कारखान्यासमोर जे.पी. नगरात मूल कवटाळून उभ्या असलेल्या आईचा पुतळा आहे. तो १९८५ मध्ये रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्त्रीने घडवला. त्यांचे स्वतःचे आईवडील नाझी छळछावणीत गेले होते. खुद्द करोंदमध्ये, बेरसिया रोडवरच्या हाउसिंग बोर्ड कॉलनीत, २ डिसेंबर २०१४ रोजी ‘रिमेंबर भोपाल’ हे संग्रहालय सुरू झाले. पीडितांच्या वस्तू आणि त्यांच्याच आवाजातल्या आठवणी असे त्याचे स्वरूप. सहकुटुंब जायचे असेल तर आधी चौकशी करून जावे. दरवर्षी या तारखांना लोक मशाली आणि मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरतात. भोपाळच्या हिवाळ्यातील सगळ्यात जुनी प्रकाशवाट तीच आहे, पण आपण मराठी कुटुंबे बहुधा ती बातम्यांतच पाहतो.

डिसेंबरात आपण उज्जैनला जाऊन १०११ दिवे पाहतो, हे चांगलेच आहे. मात्र त्याच आठवड्यात घराशेजारच्या अंधाराची आठवण न ठेवता आपण नुसती रोषणाई करत असू, तर दिवा लावण्याचे कारण आपल्या हातून सुटले आहे, असे मला वाटते. कोबेने उत्सव आणि स्मरण यांची सांगड घातली. आपल्यालाही ती घालता येईल.

दोन सूचना

पहिली सूचना सहलीची. सहल कार्तिकी पौर्णिमेच्या गर्दीत किंवा सुटीच्या दिवशी न ठेवता साध्या वारी ठेवावी. स्वेटर, मफलर आणि चालायला सोपी पादत्राणे असावीत, कारण महाकाल लोकाची वाट लांब आहे आणि मंदिरात अनवाणी चालताना फरशी गार लागते. ज्यांना मोतीबिंदूचा त्रास आहे त्यांना दिव्यांभोवती वलये दिसतात. त्यांनी पायऱ्यांवर कोणाचा तरी हात धरावा. पहिली अर्धी वाट मोबाइल खिशात. फोटो परतीच्या वाटेवर काढता येतात. हरसिद्धीला मंडळाच्या नावाने दिवे लावायचे ठरले तर तोही खर्च माणशी समान वर्गणीतून व्हावा, कोणा एकाच्या देणगीतून नको.

दुसरी सूचना करोंदची. २ डिसेंबरच्या रात्री आठ वाजता प्रत्येक सभासदाने घरातील आणि गॅलरीतील विजेचे दिवे पाच मिनिटे बंद ठेवावेत आणि खिडकीत किंवा फाटकाजवळ एक पणती लावावी. भाषण नको, लाउडस्पीकर नको, फटाका तर नकोच. खर्च एका वातीचा आणि चमचाभर तेलाचा. त्या पाच मिनिटांत घरातील मोठ्यांनी लहानांना त्या रात्रीबद्दल जे माहीत आहे ते सांगावे. ज्यांनी ती रात्र इथे काढली आहे, असे शेजारी आपल्या आसपास आहेत. ते तयार असतील तर त्यांना घरी बोलवावे आणि चहा देऊन त्यांचे ऐकावे. त्यांच्या मनात नसेल तर आग्रह करू नये.

या दोन्ही सूचना मी कार्यकारिणीकडे लेखी दिल्या आहेत. ज्यांना दुसऱ्या सूचनेत सहभागी व्हायचे आहे त्यांनी आपल्या गल्लीतील दोन घरांना तरी सांगावे, मराठी असोत वा नसोत. पणत्या दिवाळीतल्या उरलेल्या चालतील.